उभ्या गाडीची बॅटरी

भाकरी का करपली, घोडा का अडला, विड्याचे पान का सडले? या तीन प्रश्नांचे एकच उत्तर मराठी घरांतील मुलांना पाठ असते : न फिरविल्यामुळे. मोटारीचे युग आल्यावर या कोड्यात चौथा प्रश्न घालावयास हरकत नव्हती. जुन्या मोटारीची बॅटरी का मेली? त्याचेही उत्तर तेच आहे.

रायपूरसारख्या शहरात हे उत्तर विशेष पटते. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि मराठी कुटुंबांचा या शहराशी संबंध त्याहूनही जुना, भोसल्यांच्या अमलापासूनचा आहे. अशा एखाद्या घराच्या आवारात वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी अजून जपलेली आढळते. कधी ती कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट असते, कधी उत्तरपाड्याच्या कारखान्यातली अँबॅसडर. दसऱ्याच्या सकाळी तिला धुवून पुसून झेंडूची माळ घालतात. घरातील वडीलधारा माणूस किल्ली फिरवितो आणि ‘टक्’ असा एक आवाज येऊन सारे शांत होते. मग मुलेबाळे धक्का मारू लागतात. दोष गाडीच्या वयाला दिला जातो. वास्तविक दोष असतो तो उन्हाळा आणि पावसाळा मिळून सहा महिने कोणी विचारपूस न केलेल्या बॅटरीचा.

शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केली. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे कष्ट सुटू लागले. तेव्हापासून मोटारीची पहिली हालचाल बॅटरीच्या हाती आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात आणि प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो. वीज खर्च होताना आम्लातील सल्फेट शिशाच्या पत्र्यांवर बसते आणि आम्ल पातळ होते. बॅटरी चार्ज होताना ते सल्फेट पुन्हा आम्लात परतते. ही ये-जा चालू असेपर्यंत बॅटरी जिवंत असते.

मात्र बॅटरी काही काम न करता उभी राहिली तरी तिच्यातील वीज आतल्या आत झिरपते. पत्र्यांवरील सल्फेट तसेच राहिले म्हणजे त्याचे कठीण स्फटिक होतात आणि मग ते चार्ज करूनही सहजी सुटत नाहीत. या झिरपण्याचा वेग तपमानाबरोबर वाढतो. साधारणपणे दर १० अंशांना तो दुप्पट होतो. रायपुरात वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर चढतो. हिवाळ्यात जी बॅटरी दोन-तीन महिने निभावते, ती उन्हाळ्यात त्याच्या निम्म्या वेळातही टेकीला येते. म्हणून गुढीपाडव्याच्या सुमारास, ऊन तापण्यापूर्वी, तिची पहिली तपासणी व्हावी हे उत्तम.

ही तपासणी अवघड नाही. प्रथम पाण्याची पातळी पाहावी. पत्रे द्रवात बुडालेले असावेत आणि त्यांच्यावर सुमारे एक सेंटिमीटर द्रव असावा. पातळी उतरली असेल तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे अथवा विहिरीचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी त्यातील क्षार पत्र्यांना बाधतात. आम्ल तर मुळीच घालू नये, कारण उडून जाते ते पाणी. आम्ल आतच राहते.

यानंतर हायड्रोमीटरने प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. पाणी घातल्यावर लगेच मोजल्यास आकडा फसवा येतो, म्हणून आधी मोजावे किंवा चार्ज करून मग मोजावे. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ते सुमारे १.२६० ते १.२८० असते. उष्ण प्रदेशांसाठी ते काही वेळा मुद्दाम १.२४० च्या आसपास ठेवतात. तेव्हा बॅटरीबरोबर आलेले पत्रक आधी वाचावे. द्रव तापला की आकडा कमी दिसतो. २७ अंश हे प्रमाण धरल्यास दर १० अंशांमागे सुमारे ०.००७ मिळवावे लागतात. ४२ अंश तापलेल्या द्रवाचा आकडा १.२३० आला, तर तो खरा १.२४० समजावा. सहापैकी एका घटाचा आकडा इतरांहून ०.०५० ने कमी असेल, तर मात्र तो घट निकामी होत चालला आहे असे मानावे.

बंद झाकणाच्या नव्या बॅटरीत हायड्रोमीटर घालता येत नाही. तेथे व्होल्टमीटर उपयोगी पडतो. गाडी काही तास स्वस्थ उभी असताना १२.६ व्होल्ट वा अधिक आले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ आले तर ती अर्धी रिकामी आहे. आकडा १२.४ च्या खाली उतरू देऊ नये.

येथे एका समजुतीचा विचार करणे आवश्यक आहे. दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवले की बॅटरी भरते, असे पुष्कळांना वाटते. स्टार्टर तीन सेकंद दीडशे अँपिअर ओढील, तर खर्च होतो अवघा एक अष्टमांश अँपिअर-तास. परंतु जुन्या गाडीतील डायनॅमो मंद गतीवर जवळजवळ काहीच वीज देत नाही. उलट इग्निशन कॉइल त्या पाच मिनिटांत बॅटरीतूनच पाव अँपिअर-तासापर्यंत वीज घेते. रविवारचा हा उपचार म्हणजे भरण्याऐवजी उपसणेच होय. गाडी अर्धा तास रस्त्यावर नीट वेगाने न्यावी, नाहीतर बॅटरी काढून चार्जरवर लावावी.

या दुसऱ्या उपायाचे महत्त्व आता वाढले आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदविता येते व तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. तात्पर्य, सन्मान मिळालेल्या गाडीच्या नशिबी उभे राहणेच अधिक येते. तिची बॅटरी काढून सावलीच्या, थंड, हवेशीर जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ४ अँपिअरने, चार्ज करावी.

बॅटरी काढताना प्रथम गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार सोडवावी आणि बसविताना ती शेवटी जोडावी. मग पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. ही तार ऋण टोकाचीच असेल असे मात्र गृहीत धरू नये. १९५० च्या सुमाराच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. घाईने उलटी जोडणी केल्यास पुढे बसविलेला रेडिओसारखा नाजूक भाग जळू शकतो. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, तो स्फोटक असतो. त्याच्या आसपास विडीकाडीला मज्जाव असावा. टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी. ते पाणी घटांत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून, तारा घट्ट आवळून वर व्हॅसलीनचा हात फिरवावा.

जुन्या गाडीत बॅटरी हाच बहुधा सर्वांत नवा भाग असतो, आणि ती गेली तर बाजारात दुसरी मिळते. परंतु तिच्यातून गळलेले आम्ल ज्या पत्र्याला खाते, तो पत्रा आता कोठल्याच कारखान्यात निघत नाही. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. निकामी झालेली बॅटरीही कोपऱ्यात पडू देऊ नये. त्यातील शिसे विषारी असते, पण तेच वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून ती विक्रेत्याकडे परत करावी.

महिन्याकाठी अर्धा तास, एक बाटली डिस्टिल्ड वॉटर आणि वहीत टिपलेले सहा आकडे, इतकाच हा खटाटोप आहे. तो नेमाने केला, तर दसऱ्याच्या सकाळी झेंडूची माळ घातलेली गाडी पहिल्या किल्लीला बोलते, आणि धक्का मारण्यासाठी जमलेली मुले मागच्या बैठकीवर जाऊन बसतात.