काळ्या रानातलं घर

माळेगाव बुद्रुक नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात येतं. ऊस, साखर कारखाना आणि काळी माती. ही माती उसाला मानवते, घराला नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. घराच्या एका बाजूला पाटाचं पाणी आणि दुसरीकडे कोरडं अंगण असेल, तर पाया सगळीकडे सारखा हलत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. दोष मात्र गवंड्याच्या सिमेंटला दिला जातो!

मातीची फुगण्याची खोड ओळखणं सोपं आहे. चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घेऊन एकीत पाणी, दुसरीत रॉकेल ओततात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. चोवीस तासांनी फरक मोजायचा.

उपाय म्हणजे मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदणं. तो फार खोल असेल, तर तळाशी फुगीर कंद असलेले 'अंडर-रीम्ड' पाइल घालतात. बांधकाम अभियंत्याची खरी कसरत मालकाला पटवण्यात असते, कारण जमिनीखालचा खर्च पाहुण्यांना दिसत नाही. माती परीक्षणाचा अहवाल हातात आल्याशिवाय पायाचा नकाशा मागू नका.