पाव मैलाची आठवण

डेट्रॉईट शहरातून वायव्येस पाँटिअक गावाकडे जाणारा वुडवर्ड अव्हेन्यू हा अमेरिकेच्या मोटारउद्योगाचा जणू राजमार्ग आहे. दरवर्षी ऑगस्ट महिन्यात या रस्त्यावर जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरतो. १९९५ साली फर्नडेल या उपनगरात मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी जमविण्याच्या हेतूने तो सुरू झाला. आता तेथे लाखो लोक येतात. रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून वृद्ध मंडळी बसलेली असतात. १९६० च्या दशकातील एखादी गाडी गुरगुरत समोरून गेली, की त्यांतील कोणीतरी शेजाऱ्याला म्हणतो, "अशीच एक माझ्याकडे होती." आणि बहुधा पुढचे वाक्य असते, "विकून टाकली." या दोन वाक्यांच्या मध्ये एका पिढीचे तारुण्य सामावलेले आहे.

नियमातून काढलेली वाट

ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्या गाड्यांची कल्पना साधी होती. मध्यम आकाराच्या कौटुंबिक मोटारीत मोठ्या मोटारीचे बलवान इंजिन बसवायचे आणि किंमत सामान्य पगारदाराच्या आवाक्यात ठेवायची. या युगाचा आरंभ बहुतेक जाणकार १९६४ च्या 'पाँटिअक जीटीओ'पासून मानतात. जनरल मोटर्सने १९६३ च्या प्रारंभी आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. मध्यम गाड्यांत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये, असाही नियम होता. पाँटिअकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी नवे मॉडेल म्हणून न आणता, 'टेम्पेस्ट' गाडीवर सुमारे ३०० डॉलर अधिक देऊन घेण्याचा ऐच्छिक जोड म्हणून आणले. सुमारे ५,००० गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

गिऱ्हाईक ओळखणारी पेढी

या यशात कारखान्याइतकाच दुकानदाराचाही वाटा होता. शिकागो येथे नॉर्म क्रॉस आणि त्यांचे बंधू लेन हे प्रथम जुन्या गाड्यांचा व्यवसाय करीत. वेगवान गाडी दारात उभी केली की तरुण गिऱ्हाईक आपोआप येते, हे त्यांनी तेथेच हेरले होते. १९६२ साली ग्रँड आणि स्पॉल्डिंग या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांनी डॉज कंपनीची वितरण पेढी उघडली. पुढे 'मिस्टर नॉर्म' हे नाव देशभर गाजले. वेगासाठी घेतलेली गाडी सुपूर्द करण्यापूर्वी ती शक्तिमापन यंत्रावर चढवून इंजिन नीट जुळवून देण्याची प्रथा त्यांनी पाडली. कागदावर लिहिलेली शक्ती प्रत्यक्ष चाकापर्यंत पोहोचते की नाही, हे मोजूनच माल हातात पडे. 'डार्ट' या लहान गाडीत ३८३ घनइंचांचे इंजिन मावत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. या पेढीच्या कारागिरांनी ते बसवून दाखविले आणि त्यानंतर कंपनीने स्वतःच तशी गाडी बाजारात आणली.

ऱ्होड आयलंड राज्यातील ईस्ट प्रॉव्हिडन्स येथील फोर्डचे विक्रेते बॉब टास्का यांचीही हकीकत अशीच. कंपनीची 'मस्टँग' प्रतिस्पर्ध्यांपुढे मागे पडते, हे त्यांनी पाहिले आणि आपल्याच कार्यशाळेत ४२८ घनइंचांच्या इंजिनाची मस्टँग सिद्ध केली. १९६८ साली फोर्डने 'कोब्रा जेट' या नावाने तशी गाडी विक्रीस काढली. रविवारी जिंका, सोमवारी विका, हे त्या काळचे प्रसिद्ध सूत्र टास्का यांच्या नावाशी जोडले जाते. गिऱ्हाइकाची नस कंपनीच्या मुख्यालयाआधी गल्ल्यावर बसणाऱ्याला कळते, याची ही दोन बोलकी उदाहरणे होत.

पायाचा संयम

पूर्वी अशा शर्यती भर रस्त्यावर होत आणि त्यांत प्राणही जात. ही हौस रस्त्यावरून उचलून सुरक्षित मैदानात न्यावी, या विचाराने वॉली पार्क्स यांनी १९५१ साली राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली. ड्रॅग शर्यतीत दोन गाड्या, एक सरळ पट्टा आणि पाव मैलाचे, म्हणजे ४०२ मीटरचे अंतर असते. १९६३ पासून झेंडेवाल्या माणसाच्या जागी दिव्यांचा खांब आला. पिवळे दिवे क्रमाने लागत, मग हिरवा. घाई करणाऱ्याच्या वाट्याला तांबडा दिवा आणि पराभव.

जुन्या मालकांच्या आठवणीत विजयापेक्षा त्याआधीची लहानसहान कामेच अधिक येतात. आठवडाभर जी गाडी कारखान्यात कामावर नेत, तीच रविवारी मैदानावर नेत. खिडकीच्या काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने क्रमांक लिहीत. वजन कमी व्हावे म्हणून जादा चाक काढून ठेवीत, मागच्या चाकांतील हवा थोडी कमी करीत, ठिणगीची वेळ पुन्हा जुळवीत. त्या काळचे टायर अरुंद असत. ज्याने अधीरपणे पाय दाबला, त्याची चाके जागीच गरगरत आणि धूर निघे. प्रतिस्पर्धी मात्र पुढे निघून जाई. एवढी शक्ती हाताशी असूनही जिंकण्याचे रहस्य पाय आवरण्यात होते. चांगली गाडी हे अंतर १३ ते १५ सेकंदांत कापी. शेवटी वेळेची छापील चिठ्ठी हाती पडे. गाडी गेल्यावरही अनेकांनी ती चिठ्ठी जपून ठेवली.

गाडी गेली, भाव वाढला

हे युग फार टिकले नाही. अपघातांमुळे तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते भरमसाट वाढले. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या गाड्यांत इंजिनांचा दाब उतरविला. १९७३ च्या तेलटंचाईने उरलेसुरले आकर्षणही संपविले. त्यात घरोघरची कारणे होतीच. कोणाला व्हिएतनामच्या युद्धासाठी बोलावणे आले, कोणाचे लग्न ठरले, कोणाला घराची पहिली रक्कम भरायची होती. तहानलेल्या इंजिनाच्या गाडीला तेव्हा कोणी विचारीत नव्हते. मिळेल त्या किमतीला किल्ल्या हातावेगळ्या झाल्या.

तीच पिढी पुढे स्थिरावली, मुले मोठी झाली, आणि हरवलेल्या गाडीचा शोध सुरू झाला. भाव चढू लागले. नवी असताना काही हजार डॉलरना मिळणारी १९७१ ची उघड्या टपाची 'हेमी कुडा' २०१४ साली सिएटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. आता इंजिनावरील क्रमांक मूळ गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का, रंग कारखान्यातला आहे का, यावर किंमत ठरू लागली. पुष्कळ गाड्या चालविल्याच जात नाहीत. ट्रेलरवर चढवून प्रदर्शनात आणतात, पुसतात आणि परत नेतात. एक ओरखडा म्हणजे हजारोंचे नुकसान. ज्या गाडीने तारुण्यात मालकाला मोकळेपणा दिला, तिचीच पहारेदारी त्याला उतारवयात करावी लागते.

जैन विचारात परिग्रह वस्तूत नसून तिच्याविषयीच्या मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत असतो, असे सांगितले आहे. एकच गाडी दोन वेळा हाती येते. पहिल्या वेळी ती वापरून झिजविली जाते, दुसऱ्या वेळी तिला हात लावण्याचेही भय वाटते. पहिल्या वेळचा माणूस निर्मोही होता असे नव्हे. परंतु वेळ आली तेव्हा घरासाठी, मुलासाठी त्याने किल्ली सोडली. तो सौदा तोट्याचा ठरला, असे लिलावाचे आकडे सांगतात. घराचा हिशेब कदाचित निराळा असेल.

मिशिगन राज्यातील स्टँटन येथील मैदानावर दरवर्षी कारखान्यातून निघाल्या स्वरूपातल्याच मसल कारची शर्यत भरते. जवळपास सारख्या वेळेच्या दोन गाड्यांची जोडी लावतात आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. लिलावात मोठी रक्कम आणू शकतील अशा काही गाड्याही तेथे पाव मैल धावतात, तापतात, कधी मोडतातही. पांढऱ्या केसांचे चालक दिव्यांच्या खांबाकडे डोळे लावून बसतात. हिरवा दिवा लागतो. पाय हळूच, आवरून, खाली जातो.