हिवाळ्यात बोटीवरचा मुक्काम

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मरिना दि रागुझासारख्या बंदरात हिवाळा लागला की शिडाच्या बोटींची वर्दळ ओसरते. काही कुटुंबं मात्र उन्हाळ्याची वाट बघत धक्क्याला बांधलेल्या बोटीतच राहतात. त्यांना थंडीपेक्षा जास्त छळतो तो दमटपणा. त्याची कारणं म्हणजे श्वास, ओले कपडे आणि स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की दीड लिटरभर पाणी वाफ होऊन केबिनमध्ये पसरतं. गार भिंतींवर त्याचे थेंब धरतात, गादीची खालची बाजू ओली होऊन तिला बुरशी येते. म्हणून गादीखाली लाकडी पट्ट्या घालून हवा खेळती ठेवतात आणि ऐन गारठ्यातही झरोका किलकिला ठेवतात. यात हयगय नकोच. बंद केबिनमध्ये गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावतात. त्याचा अलार्म हवाच.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. धक्क्यावरून वीज घेतली की अर्थिंगच्या तारेने शेजारशेजारच्या बोटी जोडल्या जातात, खारं पाणी विद्युतमंडल पूर्ण करतं आणि पाण्याखालचा धातू झिजू लागतो. बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) वाचावा म्हणून बोटीला जस्ताचा तुकडा लावलेला असतो. आधी तो झिजतो. तो किती उरलाय, हे हिवाळ्यात अधूनमधून पाहायलाच हवं.