सहीचे तीन हजार पौंड

मैदानावरची मजुरी : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात थांबलो होतो. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी क्लबांनी तिथे रग्बी युनियनशी काडीमोड घेतला. भांडण खाड्याचं होतं. शनिवारी सामना असला की खाणीत, गिरणीत राबणाऱ्या खेळाडूचा खाडा व्हायचा आणि तेवढी मजुरी बुडायची. ती क्लबानं भरून द्यावी, एवढीच मागणी. युनियनचे बरेचसे कारभारी बड्या खासगी शाळांतून आलेले. खेळासाठी पैसे घेणं त्यांना हीन वाटे. पोटाला चिमटा बसत नसला की असं वाटणं सोपं असतं.

त्या भांडणातून रग्बी लीग जन्माला आली. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ती युनियन, म्हणून लीगची थोडी ओळख करून देतो. संघ १३ जणांचा. चेंडू काखेत मारून समोरच्या फळीवर चढाई करायची, पकड झाली की उठून चेंडू टाचेनं मागे सारायचा, की पुढची चढाई सुरू. कबड्डी पाहिलेल्या डोळ्यांना हे लगेच उमगतं. आज सहाव्या पकडीनंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. ही मर्यादा प्रथम १९६६ मध्ये चार पकडींची होती, १९७२ मध्ये ती सहा झाली. १९६६ च्या आधी मर्यादाच नव्हती. एखादा संघ चेंडू दाबून बसला की दुसऱ्यानं नुसत्या धडका अडवत राहायचं. आजच्या भागातला खेळाडू जवळजवळ सारी कारकीर्द त्या नियमांत खेळला.

बिली बॉस्टन. जन्म १९३४, कार्डिफच्या बंदरालगतची टायगर बे ही वस्ती. वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वळणाची. जगभरच्या खलाशांनी वसवलेल्या त्या गल्ल्यांत पोरं वेल्सच्या लाल जर्सीचं स्वप्न बघत. वेल्समध्ये मान होता तो युनियनला. बिलीलाही कार्डिफकडून आणि मग वेल्सकडून खेळायचं होतं. कार्डिफ क्लबानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काळ्या खेळाडूच्या अंगावर वेल्स युनियनची जर्सी चढायला १९८० चं दशक उजाडावं लागलं, एवढं सांगितलं की कारण वेगळं सांगायला नको.

१९५३ मध्ये विगन या खाणी-गिरण्यांच्या गावातल्या लीग क्लबाचे संचालक त्याच्या घरी आले. बिली तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत होता. पुढची हकीकत विगनकर आवडीनं सांगतात. पाहुण्यांनी टेबलावर हजार पौंडांच्या नोटा मांडल्या. पोराला लीगमध्ये जायचं नाही हे आईला ठाऊक होतं. ब्याद टळावी म्हणून ती म्हणाली, तीन हजार द्या, लगेच सही करतो. पाहुणे हो म्हणाले! माउलीचा डाव तिच्यावरच उलटला, आणि दिलेला शब्द मोडायचा कसा? बिलीनं सही केली.

तेव्हा इंग्लंडमधल्या कामगाराला आठवड्याला दहा पौंडांच्या आगेमागे मिळत. म्हणजे १८ वर्षांच्या पोराच्या हातात सुमारे सहा वर्षांची मजुरी एकदम आली. एवढी रक्कम कशासाठी? नुसत्या खेळण्यासाठी नक्कीच नाही. एकदा लीगचा पैसा घेतला की युनियनचे दरवाजे आयुष्यभरासाठी बंद. उत्तरेकडे गेलेल्याला जुन्या क्लबात खेळणं तर सोडाच, तिथे वावरणंही अवघड होई. पुढे १९६४ मध्ये हलच्या लीग खेळाडूंना मिळालेल्या अशाच रकमांवर प्राप्तिकर लागतो का, हा प्रश्न इंग्लंडच्या अपील न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, हा पगार नव्हे. हौशी खेळाडू ही ओळख कायमची सोडल्याची ही भरपाई आहे, म्हणून कर नाही. व्यावसायिक रग्बीपटूच्या कारकिर्दीचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या क्रीडालेखात वाचलेलं नाही.

विगननं मोजलेला पैसा वसूल व्हायला फार काळ लागला नाही. पहिल्या संघाकडून जेमतेम काही सामने खेळलेल्या बिलीला ब्रिटनच्या १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर निवडलं गेलं. वय १९. त्यानं १८ सामन्यांत ३६ ट्राय केले. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. तो विंगर होता, मैदानाच्या कडेनं सुसाटणारा. वय वाढलं तसं वजनही वाढलं, तेव्हा त्यानं तेच हत्यार केलं. आधी तो बगल देऊन निसटायचा, पुढे समोरच्याला सरळ अंगावर घेऊ लागला. अडवणाऱ्यानं यातलं काय ओळखून उभं राहायचं?

मात्र १९५७ ची गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियातला विश्वचषक संपवून ब्रिटनचा संघ परतीच्या वाटेवर प्रदर्शनी सामने खेळायला दक्षिण आफ्रिकेत उतरला. तिथे वर्णभेदाचा कायदा. संघ गेला, बॉस्टन एकटाच घरी परतला. ज्या खेळानं त्याला युनियनपेक्षा मोठ्या मनानं घेतलं, त्याच खेळाच्या कारभाऱ्यांना तेव्हा ‘तो नाही तर आम्हीही नाही’ म्हणावंसं वाटलं नाही. लीगवाले आपल्या उदारपणाचे गोडवे गातात, तेव्हा हे पान ते चटकन उलटतात.

१९६० च्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याला ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर ऐंशी हजारांवर माणूस लोटला होता. विगननं वेकफील्डला २७-३ असं लोळवलं, त्यात बॉस्टनचे दोन ट्राय. विगनकडून ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय आणि कारकिर्दीत एकूण ५७१. त्याच्यापुढे एकच नाव आहे, वॉरिंग्टनकडून गाजलेला ऑस्ट्रेलियन ब्रायन बेव्हन, ७९६. १९६८ मध्ये बॉस्टननं विगन सोडलं, ब्लॅकपूल बरोकडून थोडा खेळला आणि १९७० मध्ये थांबला. गाठीशी जन्मभर पुरेल अशी माया साठण्याचा तो काळ नव्हता. विगनच्या सेंट्रल पार्क मैदानाजवळ त्यानं ‘ग्रिफिन’ नावाचा पब चालवला. शनिवारी ज्याच्या नावानं घसा कोरडा केला, त्याच्याच हातून बिअर घ्यायची, ही विगनकरांची चैन.

१९९५ मध्ये युनियननंही पैसे देणं-घेणं अधिकृत केलं. शंभर वर्षं जे पाप होतं, ते एका ठरावानं पुण्य झालं. कार्डिफनं २०२३ मध्ये आपल्या तीन परागंदा लेकरांचा पुतळा बंदरावर उभारला : बॉस्टन, गस रिझमन आणि क्लाइव्ह सलिव्हन. त्यातला सलिव्हन हा १९७२ चा विश्वचषक जिंकणारा ब्रिटनचा कर्णधार. आणि जून २०२५ मध्ये वयाच्या नव्वदीत बॉस्टन यांना नाइटहूड मिळालं. क्रिकेटपटू, फुटबॉलपटू, युनियनचे खेळाडू यांच्यात ‘सर’ कधीचे झाले होते. रग्बी लीगच्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला, जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीनंतर १३० वर्षांनी.

(पुढच्या रविवारी : १९९६ ची सुपर लीग, पूर्णवेळ पगार आणि डोक्याला बसणाऱ्या माराचा हिशेब)