पोलीस मतं मागायला आले तर?

मुलांनो, आपले लाडके सुनील गावसकर एकेकाळी मुंबईचे शेरीफ होते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? थट्टा नाही हं! १९९४ साली त्यांना हा मान मिळाला. त्यांच्या आधी १९८० साली अभिनेते दिलीपकुमार यांनाही मिळाला होता. आता तुम्ही विचाराल, शेरीफ म्हणजे तोच ना, इंग्रजी सिनेमातला? घोड्यावर बसलेला, डोक्यावर रुंद काठाची टोपी, छातीवर चांदणीसारखा बिल्ला? मग गावसकरांनी चोर तरी किती पकडले?

एकही नाही! मुंबईचा शेरीफ, म्हणजेच नगरपाल, हे नुसतं मानाचं पद. सरकारने एका वर्षासाठी एखाद्या नामवंत माणसाला नेमायचं, त्याने परदेशी पाहुण्यांचं स्वागत करायचं, थोर माणूस गेला तर शोकसभा बोलवायची. हातात ना काठी, ना बेड्या.

सिनेमातला शेरीफ मात्र खराखुरा आहे, आणि तो आजही अमेरिकेत काम करतो. फक्त घोड्याऐवजी मोटारीतून फिरतो. त्याची खरी गंमत वेगळीच आहे. आपल्याकडे आमदार, सरपंच जसे मतं मागत दारोदार हिंडतात, तसा तिथला शेरीफ हिंडतो. पोलिसांचा प्रमुख लोकांच्या मतांनी निवडून येतो!

अमेरिकेत राज्यांचे छोटे भाग असतात, त्यांना काउंटी म्हणतात. आपला जिल्हा असतो ना, साधारण तसंच. देशभरात अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. नाव जिल्ह्याचं असलं तरी कित्येक ग्रामीण काउंट्यांची लोकसंख्या आपल्या पैठण किंवा कन्नड तालुक्याहून कमी भरते. शहरात मेयर पोलीसप्रमुख नेमतो, पण शहराबाहेरची शेतं, वस्त्या, लांबलांब रस्ते हे सगळं शेरीफकडे. तुरुंग सांभाळणं, कोर्टाचा बंदोबस्त ठेवणं, कोर्टाचे कागद लोकांच्या हाती पोहोचवणं हेही बहुतेक ठिकाणी त्याच्याकडेच. बहुतेक राज्यांत त्याची मुदत चार वर्षांची. मुदत संपली की पुन्हा लोकांपुढे उभं राहायचं.

शेरीफ हा शब्द आला इंग्लंडातून. तिथे जिल्ह्याला 'शायर' म्हणत आणि कारभाऱ्याला 'रीव्ह'. दोन्ही शब्द एकत्र घडाघडा म्हणून पाहा. शायर-रीव्ह, शायर-रीव्ह... झाला की नाही शेरीफ? रॉबिन हूडच्या गोष्टीत त्याच्या मागे हात धुऊन लागलेला नॉटिंगहॅमचा दुष्ट शेरीफ आठवतो ना, तो राजाचा माणूस. लोकांना कितीही नकोसा झाला, तरी त्याला हटवणार कोण? राजाच! पुढे अमेरिकेत लोकांनी ही नेमणूक आपल्याच हाती घेतली.

आता असं समजा, एका ग्रामीण काउंटीत वीस-पंचवीस वर्षं पोलिसात काढलेला एक अनुभवी अधिकारी शेरीफच्या निवडणुकीला उभा आहे. तो लोकांच्या अंगणात आपल्या नावाच्या पाट्या लावतो, जत्रेत जाऊन हात मिळवतो, दारं ठोठावतो. 'मला इथला प्रत्येक रस्ता पाठ आहे,' असं सांगतो. लोकही काही कमी नाहीत! ते विचारतात, रात्री माझ्या शेतावर चोर आला, तर तुमची गाडी किती वेळात पोहोचेल? तुरुंगावर एवढा खर्च का होतो? तुमच्या हाताखालच्या शिपायाने दांडगाई केली, तर तुम्ही कोणाची बाजू घ्याल? पोलिसांच्या वरिष्ठाला साध्या शेतकऱ्याने असे उलट प्रश्न विचारायचे आणि त्याने नम्रपणे उत्तरं द्यायची! मला विचाराल, तर हा भाग मला फार आवडतो.

पण जरा थांबा. तुमच्या वर्गातल्या मॉनिटरची आठवण करा. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं हे त्याचं काम. हा मॉनिटर जर मुलांच्या मतांनी निवडला, तर काय होईल? शाळेत आम्ही शिक्षक हे नेहमी बघतो. ज्यांनी मत दिलं, त्यांची नावं फळ्यावर यायला जरा उशीर होतो. आणि ज्यांनी दिलं नाही, ती बिचारी नुसती शिंकली तरी नाव लागतं! बरं, बाईंनी नेमलेला मॉनिटर घ्यावा, तर तो बाईंच्या भुवईकडे बघून काम करतो. दोन्हीकडे खोट आहेच.

अमेरिकेत याचं मोठं उदाहरण घडलं. ॲरिझोना राज्यात मॅरिकोपा नावाची काउंटी आहे. ही काही ग्रामीण नाही हं, फिनिक्स हे मोठं शहर तिच्यातच येतं. जो आर्पायो नावाचे गृहस्थ १९९३ पासून २०१६ अखेरपर्यंत तिथे शेरीफ होते. लागोपाठ सहा वेळा निवडून आले! वाळवंटातल्या रणरणत्या उन्हात त्यांनी कैद्यांना तंबूत ठेवलं. 'मी किती कडक आहे' हे दाखवलं की बऱ्याच मतदारांना बरं वाटे. पण त्यांचे पोलीस मेक्सिकोकडच्या चेहऱ्यामोहऱ्याच्या लोकांना नुसत्या दिसण्यावरून रस्त्यात अडवत. २०१३ साली न्यायालयाने सांगितलं, हे बेकायदा आहे, थांबवा. म्हणजे बघा, ज्यांची मतं जास्त ते खूश आणि ज्यांची कमी ते रस्त्यात अडवलेले. शेवटी २०१६ च्या निवडणुकीत आर्पायो हरले. त्यांना हरवणारे पॉल पेन्झोन हे फिनिक्सच्या पोलिसातून निवृत्त झालेले सार्जंट होते. २०१२ साली त्यांनी एकदा हार खाल्ली होती, ते पुन्हा उभे राहिले. मतांनी बसवलेल्या माणसाला मतांनीच उठवलं, हे खरं. पण त्याला चोवीस वर्षं लागली.

आपल्याकडे काय पद्धत आहे? आपल्या छत्रपती संभाजीनगरात शहराचे पोलीस आयुक्त वेगळे आणि बाकी जिल्ह्यासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षक वेगळे. दोघांनाही सरकार नेमतं आणि सरकारच बदलतं. तुम्ही-आम्ही मत देतो ते आमदाराला. आमदारांमधून सरकार बनतं, सरकारात गृहमंत्री असतात आणि त्यांच्या हाताखाली पोलीस. म्हणजे आपलं मत पोलिसापर्यंत पोहोचतं, पण पुष्कळ जिने चढून! बदलीच्या भीतीने अधिकाऱ्याने कोणापुढे झुकू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आदेश दिला, की महत्त्वाच्या जागांवरच्या पोलीस अधिकाऱ्यांना निदान दोन वर्षं तरी एका जागी राहू द्या. प्रकाश सिंह नावाच्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनीच हा खटला दाखल केला होता.

खेड्यातल्या वाचकांच्या मनात केव्हापासून एक नाव घोळत असणार. आमचे पोलीस पाटील! खरंच, अमेरिकेतल्या ग्रामीण शेरीफशी थोडंफार नातं सांगणारा माणूस आपल्याकडे हाच. पूर्वी पाटीलकी वंशपरंपरेने चाले. बाप पाटील, म्हणून मुलगा पाटील. स्वातंत्र्यानंतर ही पद्धत मोडली आणि १९६७ साली महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम आला. आता पोलीस पाटील व्हायचं, तर माणूस त्याच गावचा रहिवासी हवा, दहावी पास हवा, वय पंचवीस ते पंचेचाळीसच्या आत हवं. मग परीक्षा! लेखी ८० गुणांची, तोंडी २० गुणांची. नेमणूक करतात प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. आज कितीतरी गावांत बायकाही पोलीस पाटील आहेत. २०२४ साली सरकारने त्यांचं महिन्याचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये केलं.

त्यांच्याकडे बंदूक नसते, गणवेशही नसतो. गावात गुन्हा घडला, बेवारस प्रेत सापडलं, संशयित माणूस फिरताना दिसला, तर ठाण्याला खबर द्यायची, पंचनाम्याला मदत करायची, तंटा वाढण्याआधी दोन्ही घरी जाऊन बसायचं. सिल्लोड किंवा सोयगावकडच्या आडबाजूच्या गावी पोलिसांची गाडी येईपर्यंत कायद्याचा माणूस म्हणजे तेच. एकाच गावात सरपंच मतांनी निवडलेला आणि पोलीस पाटील परीक्षेने नेमलेला, अशा दोन खुर्च्या असतात, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? सरपंचाला निवडणुकीची काळजी, पोलीस पाटलाला नाही. म्हणून धुऱ्याच्या भांडणात तो दोघांनाही तोंडावर खरं सांगू शकतो. सांगतोच असं नाही, पण सांगू शकतो. अडचण एवढीच, की तोही त्याच गावचा! भांडणातला एक जण त्याचा चुलता असतो.

मग आपल्याकडे पोलिसाने मतं मागायचीच नाहीत का? नोकरीत असताना मुळीच नाही. तो मत देऊ शकतो, पण उभा राहू शकत नाही आणि कोणाचा प्रचारही करू शकत नाही. राजीनामा दिला किंवा निवृत्त झाला, की तो तुमच्या-आमच्यासारखा नागरिक. 'शोले'तले ठाकूर बलदेवसिंग नोकरीतून बाहेर पडल्यावर जय-वीरूला घेऊन आले. त्यांच्या डोक्यात निवडणूक आलीच नाही! पण आपल्या राज्यातल्या दोन मोठ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात ती एकाच वर्षी आली. २०१४ साली.

पहिले सत्यपाल सिंह. मुंबईचे पोलीस आयुक्त होते. २०१४ च्या सुरुवातीला पद सोडलं, भारतीय जनता पक्षात गेले आणि उत्तर प्रदेशातल्या बागपत या उसाच्या मुलखातून लोकसभेला उभे राहिले. तो त्यांचा स्वतःचाच जिल्हा. दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले आणि पुढे केंद्रात राज्यमंत्रीही झाले.

दुसरे सुरेश खोपडे. यांची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे. भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. १९७० साली तिथे हिंदू-मुसलमानांची भयंकर दंगल झाली, १९८४ साली पुन्हा झाली. १९८८ मध्ये खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी काय करावं? मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या काढल्या. दोन्ही समाजांतली माणसं एका सतरंजीवर बसवली आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा साधा पोलीस. दंगल पेटल्यावर धावण्यापेक्षा रोजची बारीकसारीक भांडणं तिथेच बसून सोडवायची. हळूहळू शिपायाला लोकांची नावं पाठ झाली आणि लोकांना शिपायाचं. खोपड्यांची बदली झाल्यावरही समित्या चालू राहिल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं मेली. मुंबईपासून इतक्या जवळची, दंगलीसाठीच बदनाम असलेली भिवंडी मात्र शांत राहिली! या प्रयोगावर खोपड्यांनी पुढे पुस्तकही लिहिलं.

निवृत्तीनंतर ते २०१४ साली बारामती मतदारसंघातून आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभे राहिले. साखर कारखान्यांचा, दूध संघांचा, बऱ्याचशा खेड्यांचा हा मतदारसंघ. तिथे सुप्रिया सुळे आणि महादेव जानकर यांच्यात चुरशीची झुंज झाली आणि सुळे जवळजवळ ७० हजारांनी जिंकल्या. खोपड्यांना मतं पडली सुमारे २६ हजार. एकूण मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत, तर उमेदवाराने भरलेले पैसे सरकारजमा होतात, तशी त्यांची अनामत गेली. ज्या माणसाने एक अख्खं शहर शांत ठेवायला हातभार लावला, त्याची मतपेटीत अशी गत! मला तर वाईट वाटलं. पण बारामतीच्या मतदारांची तरी चूक कशी म्हणायची? भिवंडीतला पोलीस त्यांनी पाहिलाच नव्हता. अमेरिकेतला शेरीफ जिथे नोकरी करतो, तिथेच मतं मागतो. इथे काम एका गावी आणि मतपेटी दुसऱ्या गावी. शिवाय शेरीफ निवडून आला, तर पुन्हा पोलिसाचंच काम करतो. खासदार झालेला पोलीस दिल्लीत जाऊन कायदे करतो, ते कामच निराळं.

आणखी एक वाद आहे. आज खुर्चीवरून उठला आणि दोन-तीन महिन्यांत उमेदवार झाला, तर खुर्चीवर असतानाच त्याने एखाद्या पक्षाला सांभाळून घेतलं नसेल कशावरून? म्हणून मोठ्या अधिकाऱ्यांना निवडणुकीआधी काही काळ थांबायला लावा, असं निवडणूक आयोगाने २०१२ साली सुचवलं होतं. सरकारने ते मानलं नाही. २०२२ साली हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालय म्हणालं, असा नियम करायचा की नाही, हे ठरवणं कायदेमंडळाचं काम.

यावर वर्गात वाद घालायला काहीच हरकत नाही. एका बाजूने शेरीफ, दुसऱ्या बाजूने परीक्षा देऊन आलेले पोलीस पाटील. आणि गावात राहत असाल, तर वादाआधी तुमच्या पोलीस पाटलांना गाठा. नात्यातल्या माणसाविरुद्ध ठाण्यात खबर द्यायची वेळ कधी आली होती का, आणि तेव्हा काय केलं, एवढंच विचारा. शहरातल्यांनी हाच प्रश्न आपल्या भागाच्या ठाण्यातल्या पोलीसकाकांना विचारावा. उत्तर आलं तर आम्हाला जरूर लिहून कळवा, मात्र कोणाचं नाव लिहू नका हं!