शून्य कार्याचे कष्ट

इंग्रजीतला ‘वर्क’ हा शब्द मोठा ऐसपैस. नोकरी, कष्ट, अभ्यास, चित्रकाराचे चित्र, सारे त्याच्या पोटात मावते. पदार्थविज्ञानाने मात्र तोच शब्द उचलून त्याला कडक शिस्त लावली. जोर लावला आणि त्या जोराच्या दिशेने वस्तू सरकली, तरच ‘वर्क’!

या हिशेबाने हमालाकडे पाहा. ४० किलोचे पोते त्याने जमिनीवरून दीड मीटर उचलून डोक्यावर घेतले, की सुमारे ५९० ज्यूल कार्य झाले. पण तेच पोते घेऊन तो सपाट फलाटावर एकसारख्या गतीने चालत राहिला, तर पोत्यावर केलेले कार्य शून्य. कारण जोर वरच्या दिशेने आणि पोते चालले आडवे. मी बँकेत होतो तेव्हा दारावरचा रखवालदार बंदूक घेऊन तासन् तास उभा असे. विज्ञानाच्या खतावणीत बंदूक पेलण्याचे त्याच्या नावे शून्यच जमा!

मग माणूस दमतो का? फळी ओझे फुकट पेलते. स्नायूला ते जमत नाही. ओझे स्थिर दिसले तरी आत स्नायूंचे तंतू सतत ओढ घेत असतात. त्यात अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणजे खर्च खरा, फक्त तो पोत्याच्या खात्यात दिसत नाही.

या व्याख्येचा जन्म यंत्रांच्या हिशेबातला. वाफेच्या यंत्राने खाणीतले पाणी किती उंच उपसले, हे मालकाला मोजायचे असे. १८२९ मध्ये कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने यंत्रांवरील ग्रंथात या मापाला ‘त्राव्हाय’, म्हणजे श्रम, असे नाव दिले. इंग्रजीत त्याचे ‘वर्क’ झाले. मोजमाप यंत्राचे, नाव मात्र माणसाच्या घामाचे!

आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘काम’ बाजूला ठेवून ‘कार्य’ शब्द घेतला, हे बरे केले. अर्थात घरात ‘कार्य’ म्हटले की आपल्याला लग्नमुंजच आठवते, ती गोष्ट वेगळी! पण त्यामुळे कार्य शून्य असले तरी काम शून्य होत नाही, हे मराठीत सरळ सांगता येते.

दिवसभर तान्हे मूल कडेवर घेऊन वावरणाऱ्या बाईला कोणी विचारले, ‘घरी बसून काय करतेस?’ तर त्या शहाण्याने निदान पदार्थविज्ञानाची साक्ष काढू नये. ते शास्त्र फक्त ओझ्याचा हिशेब ठेवते. वाहणाऱ्याचा आपणच ठेवायचा असतो.