नक्कल मुताबिक अस्सल

अॅडमिशनच्या वेळी प्रत्येक झेरॉक्सवर 'ट्रू कॉपी' लिहून खाली सही ठोकल्याचं सगळ्यांना आठवत असेल. २०१५ पासून आपल्या राज्यात बहुतेक कामांना स्वतःची सही चालते, त्यामुळे साहेबांच्या दारात ताटकळणं संपलं. पण त्या दोन शब्दांनी आपण नेमकं काय कबूल करतो? मार्कलिस्ट खरी आहे, असं नव्हे. ही प्रत मूळ कागदाशी जुळते, एवढंच. मूळ कागदच खोटा असला तरी त्याची 'खरी नक्कल' निघू शकते!

माझं गाव पोखर्णी, परभणी जिल्ह्यातलं, नृसिंहाच्या देवळाचं. आमच्याकडचा एक दादा युक्रेनमध्ये एम.बी.बी.एस. करत होता. २०२२ साली युद्ध पेटलं आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने तो परत आला. उरलेलं शिक्षण दुसऱ्या देशात करायचं, तर युक्रेनी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर हवं. एका अक्षराने प्रवेश अडू शकतो, म्हणून आम्ही दोघं शब्दकोश घेऊन बसलो.

दाखल्याला तिकडे 'दोविद्का' म्हणतात. प्रतीच्या तळाशी होतं, 'झ्गिद्नो झ ओरिगिनालोम'. शब्दशः 'मुळाप्रमाणे'. इंग्रजीत त्याला सरळ 'ट्रू कॉपी' म्हणायचं. आणखी एका कोपऱ्यात दोन अक्षरं, 'एम. पी.'. दादा म्हणाला, "हे मध्य प्रदेश कुठून आलं?" ते निघालं 'मिस्त्से पेचात्की', म्हणजे शिक्क्याची जागा.

गंमत पुढेच आहे. आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे घरोघरच्या ट्रंकेत उर्दू कागद सापडतात. त्यांच्या नकलेवर शेरा असतो, 'नक्ल मुताबिक अस्ल'. जुन्या मराठी दफ्तरात 'अस्सल बरहुकूम नक्कल'. म्हणजे युक्रेनी, उर्दू, मराठी, तिन्ही कारकून एकच बोलतात : मुळाबरहुकूम. 'ट्रू' म्हणणारा एकटा इंग्रज, आणि सगळा घोटाळा त्या 'ट्रू'नेच होतो.

हे कागद काही शोभेचे नाहीत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. त्यात साल फसली. हैदराबादी फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. भाषांतरात मूळ फसली आकडा तसाच ठेवावा आणि इसवी सन चौकोनी कंसात द्यावं. आकडा परस्पर बदलणं म्हणजे कागदच बदलणं.

आपल्या तहसिलातल्या नकलेवर 'नक्कल करणार' आणि 'रुजुवात घेणार' अशा दोन सह्या असतात. रुजुवात म्हणजे मुळाशी ताडून पाहणं. त्याचं इंग्रजी 'कम्पेअर्ड बाय', नुसतं 'चेक्ड बाय' नाही. 'समक्ष' म्हणजे 'बिफोर मी'. 'सही/-' म्हणजे मुळावर सही आहे, या प्रतीवर नाही. आपण त्याला 'एस.डी.' लिहितो, पण परदेशी कारकुनाला ते उमगेलच असं नाही. तिथे 'साइन्ड' असं पूर्ण लिहिलेलं बरं. शिक्का पुसट असेल तर कंसात 'गोल शिक्का, अवाच्य' लिहून मोकळं व्हावं. अंदाजाने विद्यापीठाचं नाव पुरं करणारे भाषांतरकारही असतात म्हणे. असो.

एवढं झालं की अपोस्टिल. १९६१ च्या हेग कराराची ही पद्धत. युक्रेन त्यात २००३ पासून, भारत २००५ पासून आहे. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय ती चिकटवून देतं. लोकांना वाटतं, अपोस्टिल लागली की कागद खरा ठरला. ती फक्त इतकंच सांगते की सही कुणाची, सही करणारा कोणत्या पदावर आणि शिक्का कोणाचा. आत काय लिहिलंय याची हमी ती घेत नाही. भाषांतरकाराचा शेराही असाच मोजका हवा : 'मूळ युक्रेनीवरून केलेले हे भाषांतर माझ्या माहितीप्रमाणे पूर्ण व अचूक आहे.' दाखला खरा की खोटा, यावर त्याने एक शब्दही लिहायचा नसतो.